मुंबईत पहिल्यांदा येताय? आधी स्टेशन विचारा

गावाकडून फोन येतो, ‘पुढच्या आठवड्यात मुंबईला यायचंय, कुठे उतरू?’ मी विचारतो, ‘नेमकं जायचंय कुठे?’ उत्तर येतं, ‘मुंबईतच की!’ एवढ्यावर कुणालाही रस्ता सांगता येत नाही. बोलताना आपण कुलाब्यापासून विरारपर्यंत, अंबरनाथपर्यंत आणि पनवेलपर्यंत सगळ्यालाच मुंबई म्हणतो. प्रत्यक्षात विरारहून चर्चगेटला फास्ट लोकलनेही सव्वा ते दीड तास लागतो. चुकीच्या टोकाला उतरलात तर रात्रभराच्या प्रवासावर आणखी दोन तास जातात, तेही हातात सामान घेऊन ऐन गर्दीत. म्हणून तिकीट काढण्याच्याही आधी एक काम करा. जिथे जायचंय तिथलं जवळचं स्टेशन विचारून घ्या.

पत्ता कसा वाचायचा

मुंबईच्या पत्त्यात तीन गोष्टी महत्त्वाच्या: लाइन, स्टेशन आणि बाजू. पिनकोड आणि गल्लीचं नाव नंतर लागतं.

लाइनी मुख्य तीन. वेस्टर्न लाइन चर्चगेटहून सुटते आणि मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, वसई करत विरारला जाते. काही गाड्या पुढे डहाणू रोडपर्यंत जातात. सेंट्रल लाइन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, म्हणजे सीएसएमटीहून सुटते. भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याण असा तिचा मार्ग. कल्याणनंतर फाटा फुटतो, एक कसाऱ्याकडे आणि दुसरा बदलापूर, कर्जत, खोपोलीकडे. हार्बर लाइनसुद्धा सीएसएमटीहूनच निघते. वडाळा रोडला तिचे दोन भाग होतात. एक कुर्ला, चेंबूर, मानखुर्द, वाशीवरून पनवेलला जातो, दुसरा माहीम, वांद्रे, अंधेरीवरून गोरेगावला. याशिवाय ठाण्याहून ऐरोलीमार्गे वाशी आणि पनवेलकडे जाणारी ट्रान्सहार्बर आहे, आणि नेरूळ-बेलापूरहून उरणला जाणारी लाइन जानेवारी २०२४ पासून पूर्ण उरणपर्यंत सुरू आहे.

आता बाजू. रूळ साधारण दक्षिणोत्तर धावतात, त्यामुळे प्रत्येक उपनगराचे दोन तुकडे झालेत, पूर्व आणि पश्चिम. अंधेरी पूर्वेला एमआयडीसी, सीप्झ आणि विमानतळ. अंधेरी पश्चिमेला लोखंडवाला आणि वर्सोवा. स्टेशनच्या पुलावरून ही बाजू बदलायला पाच मिनिटं लागतात. पण चुकीच्या बाजूला बाहेर पडून रिक्षात बसलात, तर संध्याकाळी तीच बाजू रस्त्याने बदलायला अर्धा तास जाऊ शकतो. पत्ता देणाऱ्याने ‘अंधेरी’ एवढंच सांगितलं तर तिथेच थांबवून विचारा, ‘ईस्ट की वेस्ट?’ मुंबईत मराठी माणूसही हे दोन शब्द असेच वापरतो.

बाहेरगावची माणसं ज्या कामांसाठी येतात त्यातली काही ठिकाणं सांगतो. टाटा, केईएम आणि वाडिया ही रुग्णालयं परळला. परळ स्टेशन सेंट्रलवर आहे, आणि पुलापलीकडे वेस्टर्नचं प्रभादेवी. टाटाचं एक केंद्र खारघरलाही आहे, त्यामुळे डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर परळ लिहिलंय की खारघर हे निघण्याआधी नीट वाचा. या दोन ठिकाणांमध्ये अख्खी खाडी आहे. जे. जे. रुग्णालयासाठी भायखळा किंवा सँडहर्स्ट रोड. मंत्रालयासाठी चर्चगेटहून चालत जाता येतं किंवा मेट्रोचं विधान भवन स्टेशन आहे. उच्च न्यायालयासाठी हुतात्मा चौक मेट्रो. विद्यापीठाच्या कलिना संकुलासाठी वांद्रे कॉलनी मेट्रो. आणि कोकण भवन मुंबईत नाही, नवी मुंबईत बेलापूरला आहे.

रेल्वेने येताना: शेवटचं स्टेशन हेच तुमचं स्टेशन असेल असं नाही

सीएसएमटीपर्यंतचं तिकीट आहे म्हणून सीएसएमटीलाच उतरायचं, हा नवख्या माणसाचा नेहमीचा हिशेब. गाडी कल्याण, ठाणे, दादर यांपैकी कुठे थांबते ते आधी पाहा आणि तुमच्या पत्त्याला जवळ असेल तिथे उतरा. डोंबिवली-अंबरनाथकडे जायचं तर कल्याण. मुलुंड, भांडुप, घोडबंदर किंवा ऐरोली-वाशीसाठी ठाणे. अंधेरी, मालाड, बोरिवलीसाठी दादर, कारण तिथे सेंट्रल आणि वेस्टर्न दोन्ही मिळतात. कोकणातून येणाऱ्यांना नवी मुंबईला जायचं असेल तर पनवेललाच उतरलेलं बरं. तिथून हार्बरने वाशी आणि ट्रान्सहार्बरने ठाणे दोन्ही गाठता येतं. मात्र सगळ्या गाड्या सगळीकडे थांबत नाहीत, तेव्हा गृहीत धरू नका.

दादरबद्दल थोडं. तिथे पूर्वी सेंट्रल आणि वेस्टर्नच्या फलाटांना वेगवेगळे १, २, ३ असे क्रमांक होते आणि भले भले गोंधळायचे. डिसेंबर २०२३ पासून क्रमांक सलग केलेत: १ ते ७ वेस्टर्नचे, ८ ते १४ सेंट्रलचे. जुन्या माणसाने जुना क्रमांक सांगितला तर पाटीवर विश्वास ठेवा.

नावांनी फसवणारी तीन स्टेशनं आहेत. लोकमान्य टिळक टर्मिनसला सगळे ‘कुर्ला टर्मिनस’ म्हणतात, पण ते कुर्ला लोकल स्टेशनला लागून नाही. सामान घेऊन चालायचं अंतर नाहीच ते. तिथून सर्वांत जवळचं लोकल स्टेशन हार्बरवरचं टिळकनगर. तसंच वांद्रे टर्मिनस आणि वांद्रे लोकल स्टेशन वेगळे. वांद्रे टर्मिनसहून लोकल पकडायची तर खार रोड स्टेशनला जोडणारा पादचारी पूल २०२२ पासून सुरू आहे. रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापेक्षा त्या पुलाने जा. तिसरं मुंबई सेंट्रल. नावात सेंट्रल असलं तरी ते वेस्टर्न लाइनवर आहे. इथे मात्र लोकलचं स्टेशन अगदी शेजारी आहे.

मेल-एक्स्प्रेसचं तिकीट सीएसएमटीपर्यंतचं असलं तरी दादरला उतरून अंधेरीला जायला लोकलचं वेगळं तिकीट लागतं. पुलावर टीसी उभे असतात. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला हे सुचत नाही, म्हणून आधीच लक्षात ठेवा.

विमानाने येताना

छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाला दोन टर्मिनल आहेत. टी-२ अंधेरी पूर्वेला सहारकडे. आंतरराष्ट्रीय उड्डाणं इथूनच, आणि देशांतर्गतही बरीच. टी-१ फक्त देशांतर्गत, विलेपार्ले पूर्वेला. दोन्हींचे दरवाजे वेगळे आणि मधे काही किलोमीटरचा रस्ता आहे. येताना चुकत नाही, विमान जिथे उतरवेल तिथे उतरायचं. चुकतं ते परत जाताना किंवा कुणाला घ्यायला जाताना. तिकिटावर टर्मिनल छापलेलं असतं, ते पाहून मगच टॅक्सीला सांगा.

दोन्ही टर्मिनलना आता भुयारी मेट्रोची स्वतःची स्टेशनं आहेत. सामान एकदोन बॅगांचं असेल आणि वेळ मेट्रोची असेल, तर दक्षिण मुंबई, वरळी, दादर किंवा बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलासाठी मी दुसरा पर्याय सांगणारच नाही. सामान जास्त असेल, सोबत म्हातारं माणूस असेल तर प्रीपेड टॅक्सी. खिडकीवर पैसे भरले की गाडीचा क्रमांक असलेली चिठ्ठी मिळते. मुक्कामी पोचेपर्यंत ती चिठ्ठी स्वतःजवळ ठेवा आणि उतरताना चालकाला द्या. ॲपवरची टॅक्सी असेल तर ती नेमून दिलेल्या पिकअपच्या जागीच येते. तिथल्या पाट्या पाहत जा. बाहेर येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत बॅगेला हात घालणाऱ्याच्या मागे जाऊ नका.

नवी मुंबईचा विमानतळही डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला. तो पनवेल-उलवे भागात आहे. पनवेल, खारघर, बेलापूर, पेण-अलिबागकडच्यांना तो सोयीचा, पण बोरिवलीला राहणाऱ्या माणसासाठी ते शहराचं दुसरं टोक. तिकीट काढताना ‘मुंबई’ एवढंच वाचून पैसे भरू नका. विमानतळाचं पूर्ण नाव पाहा.

रस्त्याने येताना

एसटीने येणार असाल तर गाडी कुठे संपते ते विचारा: मुंबई सेंट्रल, परळ, कुर्ला नेहरूनगर, बोरिवली नॅन्सी कॉलनी, ठाण्याचं खोपट की पनवेल. महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत. वयाचा पुरावा जवळ हवा. पुण्याहून दादरला ई-शिवनेरी वारंवार असतात; एकट्याने पहिल्यांदा येणाऱ्याला ही सगळ्यात सोपी सुरुवात.

खासगी बसचं वेगळं असतं. ती तुम्हाला स्थानकात सोडत नाही, हमरस्त्यावर सोडते. पुणे, सातारा, कोल्हापूरकडच्या बस वाशीवरून येऊन चेंबूरचं मैत्री पार्क, सायन, दादर किंवा पुढे बोरिवलीकडे जातात. पहाटे पाच वाजता क्लीनर ‘सायन, सायन’ ओरडतो आणि अर्धवट झोपेतला माणूस उतरून उड्डाणपुलाखाली उभा राहतो. हे टाळायचं तर बसतानाच क्लीनरला थांबा सांगून ठेवा, मोबाइलवर नकाशा लावून वाशीचा पूल आला की जागे व्हा, आणि अंधार असेपर्यंत रस्त्यावर उभं न राहता जवळच्या स्टेशनात जा. तिथे माणसं असतात, उजेड असतो, चहा मिळतो.

स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांसाठी मुख्य वाटा चार. पुण्याहून द्रुतगती मार्ग वाशीमार्गे, नाशिककडून भिवंडी-ठाणे, गुजरातकडून दहिसर, आणि गोव्याकडून पनवेल. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून नागपूर ते आमणे असा पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे, पण तो भिवंडीजवळ संपतो. तिथून ठाण्यातून मुंबईत शिरेपर्यंतच्या वाहतुकीसाठी वेळ हाताशी ठेवा. द्रुतगती मार्गावर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत आणि वेगावर कॅमेऱ्यांची नजर असते. शनिवार सकाळी मुंबईहून पुण्याकडे आणि रविवारी संध्याकाळी उलट दिशेने घाटात गाड्या अडकतात.

मुंबईच्या वेशीवरचे पाच टोलनाके, म्हणजे वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर, ऑक्टोबर २०२४ पासून कार आणि हलक्या वाहनांना मोफत आहेत. अटल सेतूला मात्र टोल आहे. शिवडी ते चिर्ले असा हा जवळपास २१.८ किलोमीटरचा पूल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पनवेलकडून दक्षिण मुंबईत थेट जायचं असेल तर टोल भरूनही तो परवडतो, कारण वाशी-चेंबूर-सायनची सगळी वाहतूक टळते. दुचाकींना तिथे बंदी आहे, तशीच वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आणि किनारी रस्त्यावरही.

माझं स्पष्ट मत सांगतो. मुंबईत गाडी आणणं म्हणजे दिवसभर पार्किंग शोधत फिरणं. कारने येणारच असाल तर ती नातेवाइकाच्या इमारतीत किंवा ठाणे, पनवेलसारख्या ठिकाणी सशुल्क तळावर लावा आणि पुढे लोकल-मेट्रोने फिरा.

लोकल: इथे थोडा वेळ द्या

लोकलची भीती वाटते ती गर्दीमुळे. पण गर्दीला दिशा आहे. सकाळी साधारण आठ ते अकरा लोंढा उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो, संध्याकाळी साडेपाच ते नऊ तो परत फिरतो. म्हणजे सकाळी आठला सीएसएमटीला मेलमधून उतरून तुम्हाला ठाण्याला जायचं असेल, तर घाबरू नका. तुम्ही गर्दीच्या उलट जाताय, बसायला जागाही मिळेल. पण त्याच वेळी कल्याणला उतरून दादरला जायचं म्हणाल तर ते सामानासह जमणारं नाही. अशा वेळी मेलमध्येच बसून थेट दादरपर्यंत जा, किंवा प्रतीक्षालयात बसून अकरानंतर निघा. परीक्षा किंवा सुनावणी असेल तर आदल्या दिवशी येऊन राहा. त्याच दिवशी सकाळी पोचून गर्दीतून वेळेवर पोचण्याचा जुगार नको.

तिकीट खिडकीवर, यंत्रावर किंवा रेल्वेच्या ॲपवर मिळतं. ॲपवर काढायचं असेल तर स्टेशनात शिरण्याआधी काढा. फलाटावर उभं राहून ते निघत नाही. एकेरी तिकिटावर तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो. लाइन बदलायची असेल तरी तिकीट एकच: ठाणे ते अंधेरी, दादरमार्गे. दुसऱ्या वर्गाचं किमान भाडं ५ रुपये, इतक्या कमी पैशात या शहरात दुसरं काही मिळत नाही. महिनाभर राहणार असाल तर पास काढा. फर्स्ट क्लासचं किमान भाडं २५ रुपये, एसी लोकलचं ३५. एसी लोकलमध्ये साध्या तिकिटावर चढू नका, दारं बंद झाली की पुढच्या स्टेशनापर्यंत उतरताही येत नाही आणि दंड भरावा लागतो.

आता फलाटावर. वर टांगलेल्या इंडिकेटरकडे पाहा. त्यावर शेवटच्या स्टेशनाचं नाव किंवा आद्याक्षरं, शेजारी ‘एस’ किंवा ‘एफ’, गाडीची वेळ, आणि डबे १२ की १५ हे येतं. ‘एस’ म्हणजे स्लो, सगळीकडे थांबणारी. ‘एफ’ म्हणजे फास्ट, मधली स्टेशनं गाळणारी. कुठली गाळते हेही खाली सरकत्या अक्षरांत दिसतं. पाटी मराठी, हिंदी, इंग्रजी अशी बदलत राहते, तेव्हा दोन क्षण थांबा. पहिल्या दिवशी शंका असेल तर स्लो पकडा. वीसेक मिनिटं जास्त गेली तरी आपलं स्टेशन मागे पडणार नाही.

गाडी येण्याआधी आपला डबा कुठे थांबेल ते फलाटावरच्या पाट्यांवरून कळतं. महिलांचे, फर्स्ट क्लासचे, दिव्यांगांचे आणि मालाचे डबे ठरावीक जागी येतात. महिलांचे काही डबे दिवसरात्र राखीव असतात, काही फक्त गर्दीच्या वेळी. डब्यावर तसं लिहिलेलं असतं. पुरुषांनी चुकूनही त्यात शिरू नये, आणि दिव्यांगांच्या डब्यात धडधाकट माणसाने मुळीच नाही.

चढायची पद्धत अशी. पाठीवरची बॅग छातीवर घ्या. दारासमोर न थांबता बाजूला उभे राहा, उतरणारे उतरू द्या, मग चढा. आत गेल्यावर दारात न थांबता मधे सरका. बॅग वरच्या फळीवर ठेवता येते, मागितल्यास खिडकीजवळचा माणूस ती ठेवूनही देतो. तीन माणसांच्या बाकावर चौथा बसतो, आणि त्याला थोडं सरकून जागा देतात. हा इथला अलिखित नियम आहे, त्याचा राग मानू नका.

उतरायची तयारी दोन स्टेशनं आधी सुरू होते. पुढे उभ्या असलेल्याला विचारा, ‘दादर उतरणार का?’ तो ‘हो’ म्हणाला तर त्याच्या मागे थांबा. ‘नाही’ म्हणाला तर तो स्वतःच बाजूला होऊन तुम्हाला पुढे घेईल. या एका प्रश्नावर लोकलची सगळी शिस्त उभी आहे. दुसरा प्रश्न, ‘फलाट कुठल्या बाजूला येणार?’ तोही विचारा, कारण बाजू स्टेशनागणिक बदलते. आणि संध्याकाळी चर्चगेटहून सुटणाऱ्या विरार फास्टमध्ये अंधेरी-बोरिवलीला उतरायच्या इराद्याने चढू नका. ती लांबच्या माणसांची गाडी आहे, तुम्हाला दारापर्यंत पोचताच येणार नाही. बोरिवली लोकल थोड्या वेळात येतेच.

दाराबाहेर लटकू नका, आणि रूळ ओलांडू नका. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन लोकलमधून दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. रोज ये-जा करणारी, सवयीची माणसं होती ती. गाडी सुटली तर सुटू द्या, पुढची काही मिनिटांत असते. घरी वाट बघणाऱ्यांसाठी एवढं कराच.

मेट्रो

ज्यांना लोकलची धास्ती वाटते त्यांनी मेट्रोपासून सुरुवात करावी. भुयारी मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू आहे, ३३.५ किलोमीटर आणि २७ स्टेशनं. टी-१, टी-२, बीकेसी, दादर, सिद्धिविनायक, वरळी, मुंबई सेंट्रल, सीएसएमटी, चर्चगेट सगळं एका रेषेत आलं. भाडं १० ते ७० रुपये. जमिनीखाली मोबाइलचं नेटवर्क दगा देतं, म्हणून तिकीट वर असतानाच काढा आणि भेटायला येणाऱ्याला कुठल्या दरवाज्यातून बाहेर पडणार ते आधीच सांगून ठेवा.

मेट्रो-१ घाटकोपर ते वर्सोवा, २०१४ पासूनची. सेंट्रलहून वेस्टर्नला दादर टाळून जायचं असेल तर हीच. मरोळ नाक्याला ती मेट्रो-३ ला मिळते. सकाळी-संध्याकाळी घाटकोपरला रांग स्टेशनाबाहेर जाते, ती लवकर सरकते. दहिसर पूर्वेहून अंधेरीच्या दोन बाजूंना जाणाऱ्या २-अ आणि ७ या लाइनींवरून मालाड, कांदिवली, बोरिवलीच्या आतल्या भागात जाता येतं. लोकल, मेट्रो आणि बस यांचं तिकीट एकाच ठिकाणी काढायला ‘मुंबई वन’ हे ॲपही आलंय.

बेस्ट, रिक्षा, टॅक्सी

स्टेशनपासून मुक्कामापर्यंतचा शेवटचा टप्पा यांचा. बेस्टच्या बसवरचे क्रमांक समोर मराठी आकड्यांत असतात, ही आपल्याला सोय आहे. मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं १० रुपये आणि एसीचं १२. सुटे पैसे ठेवा किंवा चलो ॲप घ्या. बस कुठवर आली हेही त्यात दिसतं. थांब्यावर रांग असेल तर रांगेतच उभं राहायचं.

रिक्षा फक्त उपनगरांत. वांद्रे आणि सायन यांच्या दक्षिणेला रिक्षा नाही, तिथे काळी-पिवळी टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ आणि टॅक्सीचे ३१ रुपये. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट. दोन्ही मीटरवर चालतात. बसण्याआधी ‘मीटरने ना?’ एवढं विचारा आणि मीटर सुरू झालेला पाहा. गर्दीच्या वेळी जवळच्या अंतराला नकार मिळतो. वाद घालण्यापेक्षा स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहा, भाडं ठरलेलं असतं आणि स्थानिक माणसं तेच करतात.

अलिबागला जायचं असेल तर एक वेगळी वाट सांगतो. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट जाते, गाडीसकट. गेटवेहून लाँच सुटतात, पण त्या पावसाळ्यात बंद असतात.

रविवार, पाऊस आणि रात्र

रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, साधारण सकाळी साडेदहा-अकरापासून दुपारी चारपर्यंत. कुठल्या लाइनीवर, ते शनिवारच्या वर्तमानपत्रात येतं. हार्बरवरचा ब्लॉक असेल तर वाशी-पनवेलला ठाण्यामार्गे ट्रान्सहार्बरने जा.

जून ते सप्टेंबर येणार असाल तर भरतीची वेळही पाहायची सवय लावा. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की पाणी समुद्रात जायला वाट उरत नाही, आणि हिंदमाता, सायन, कुर्ला, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी साचतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेव्हापासून शहराने बरंच शिकून घेतलंय, तरी लोकल थांबल्याची घोषणा झाली तर रुळांवर उतरून चालत सुटू नका. स्टेशनातच थांबा, घरी फोन करा. साचलेल्या पाण्यातून चालणं टाळा, झाकण निघालेलं गटार वरून दिसत नाही.

रात्री एकच्या आसपास शेवटच्या लोकल जातात आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. या मधल्या वेळेत पोचलात तर मोठ्या स्टेशनच्या प्रतीक्षालयात बसा. रात्री उशिरा महिलांच्या डब्यात पोलीस असतात. एकट्या महिलेने रिकाम्या डब्यापेक्षा तो डबा निवडावा. रेल्वेत काहीही अडचण आली तर १३९, रेल्वे पोलिसांसाठी १५१२, इतरत्र ११२. हे तीन क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवा, मोबाइलची बॅटरी संपली तर कुणाच्याही फोनवरून लावता येतात.

परतीच्या गाडीसाठी सगळं उलटं मोजा. संध्याकाळी बोरिवलीहून दादर किंवा सीएसएमटीला जाताना गर्दी तुलनेने कमी लागते, पण अंधेरी-दादर पट्टा दोन्ही दिशांना भरलेला असतो, म्हणून अर्धा तास जादा धरा. कुर्ल्याच्या टर्मिनसची गाडी असेल तर एक तास. आणि पहाटेचं विमान असेल तर मेट्रोवर विसंबू नका, ती सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते. आदल्या रात्रीच टॅक्सी ठरवून ठेवा आणि चालकाला टर्मिनलचा क्रमांक सांगून ठेवा.